आबांचं थांबणं

आबांनी माउसची कळ दाबली, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. पडद्यावर काहीच हललं नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या, देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीवर कुणीतरी पेटीचे सूर चाचपून बघत होतं, आणि टेबलाखाली आमच्या भजनी मंडळाच्या संगणकाचा तो काळा टॉवर आतल्या आत करकरत होता. मी वर्गणीची पावती न्यायला आलो होतो. पावती म्हणजे नाव, रक्कम, तारीख आणि खाली खजिनदाराची सही. तेवढ्यासाठी पाच मिनिटं तरी गेली असतील. माझी चुळबुळ सुरू झाली. आबा शांत. "अडकला काय हो?" मी विचारलं. "नाही रे. येईल. त्याचं वय झालंय," आबा म्हणाले, तेही आवाज उतरवून, त्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

पावती मिळाली, मी घरी आलो, जेवलो, पण ते मांडीवरचे हात काही डोळ्यांपुढून हलेनात. आबा चिडले असते तर मला काही वाटलं नसतं. यंत्रावर चिडणं, माउस आपटणं, अर्धी शिवी गिळून टाकणं हे आपण सगळेच करतो. आबांनी त्यातलं काही केलं नाही. रेशन, दवाखाना, उत्पन्नाचा दाखला असल्या रांगांत जन्मभर जी शिस्त अंगात मुरली, तीच त्यांनी त्या टॉवरसमोरही पाळली. मला खुपलं ते एवढंच, की रांगेत निदान पुढे माणसं असतात. इथे आबांच्या पुढे कोण होतं?

टॉवरची कुळकथा आमच्या वाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. इथे गोव्यात फोंड्यातल्या एका कचेरीनं नवे संगणक घेतले, जुने मोडीत निघाले, त्यातला एक कुणाच्या तरी ओळखीनं मंडळाच्या वाट्याला आला. आत कोअर टू ड्युओ ई-७५००, म्हणजे २००९ सालचा प्रोसेसर, २ जीबी मेमरी आणि ३२० जीबीची फिरती हार्ड डिस्क. वाड्यावरचा एक मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. "लिनक्स घालतो, पळायला लागेल," म्हणाला, विंडोजच्या जागी चालणारी ती फुकटची यंत्रणा घातली, आणि यथावकाश नोकरीसाठी बंगळुरूला गेला. मागे राहिले अभंगांचे कागद, चवथीच्या आरत्यांच्या प्रती, सप्ताहाला कोणी किती दिले त्याच्या याद्या, आणि आबा. मंडळाचा सचिव तरुण आहे, उत्साही आहे, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं: चवथ झाली की शिलकेतून नवा घेऊ, हा भंगारात घालू.

लिनक्स घातलं की जुनं यंत्र पळतं, हे वाक्य मी विशीत असल्यापासून ऐकतोय. तेव्हा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. इंटरनेट म्हणजे फोनची लाइन अडवून बसणारी चैन होती, त्यामुळे ती सीडी एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची, परत येईपर्यंत तिच्यावर चरे पडलेले असायचे. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये आपल्या ३८६ यंत्रासाठी गंमत म्हणून लिहायला घेतलेली ही गोष्ट आपल्या हातात आहे, पैसे न देता आहे, आणि तिचं पोट उघडून बघता येतं, याची एक वेगळीच मिजास होती. टाकून दिलेल्या यंत्रावर लिनक्स चालवणं हा आमच्या लेखी स्वाभिमानाचा प्रश्न होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली की घरच्यांना वाटायचं, पोरानं बिघडवलं.

ते वाक्य तेव्हा खरं होतं आणि आजही अर्धं खरं आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अजूनही काटकसरी आहे. जड झालंय ते त्याच्यावर रचलेलं सगळं: सावल्या पाडणारा, सरकणारा, विरघळणारा डेस्कटॉप, प्रत्येक फाइल वाचून तिची सूची करत बसणारी सेवा, आणि सगळ्यांच्या वर ब्राउझर. त्या मुलानं ज्या वर्षी लिनक्स घातलं त्या वर्षी ते पळालंही असेल. पुढे कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

मी आबांकडून खोलीची किल्ली मागून घेतली.

दुपारची वेळ, पाऊस थांबलेला, ओसरीवर कुणीतरी जाईच्या कळ्या ओल्या फडक्यावर पसरून ठेवलेल्या. म्हार्दोळच्या जायांचा वास आणि कुबट भिंतींचा वास त्या खोलीत एकमेकांत मिसळतात. टर्मिनल उघडून यंत्रात काय चाललंय ते दाखवणारा 'टॉप' हा आदेश चालवला आणि दुसरीकडे आबांचीच पावतीची फाइल उघडायला सांगितली. वरच्या ओळीत 'डब्ल्यूए' असा एक छोटा आकडा असतो, त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. प्रोसेसरच्या हाताला काम नाही कारण तो डिस्ककडून काही येण्याची वाट बघतोय, अशा वेळाचा तो हिशेब. तो आकडा ऐंशीच्या वर गेला आणि तिथेच बसला. म्हणजे सेकंदाला अब्जावधी पावलं टाकू शकणारा तो प्रोसेसर, ज्याच्या नावानं सचिव बोटं मोडत होता, तो म्हातारा झालेला नव्हता. तोही आबांसारखाच बसला होता. इतकं समजल्यावर मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा थोडी आपुलकी वाटली.

डिस्कचा हिशेब कागदावर मांडला तर डोकं शांत होतं. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. हवा तो तुकडा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर पोहोचायला आणखी ८-९ मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर अशी डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी वेळाच ये-जा करू शकते. कागद, तक्ते लिहायचं एक लिबरऑफिस उघडायचं तर शेकडो फाइलींना हात लागतो. त्यात मागे सूची करणारी सेवा त्याच सुईला दुसरीकडे ओढत असते. भरीला 'स्मार्ट' तपासणीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तीत, 'पेंडिंग' सेक्टर दिसले, म्हणजे काही जागा अशा झालेल्या की डिस्क त्या पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ सगळं यंत्र ताटकळतं. ती करकर त्याचीच. तेव्हा आबांचं म्हणणं डिस्कपुरतं तरी बरोबर होतं. तिचं वय खरंच झालं होतं. सगळ्यांत आधी मी अभंग, याद्या, हिशेब असं सारं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. वेग गेला खड्ड्यात, तीस-चाळीस वर्षं वह्यांतून चालत आलेल्या चाली आणि पाठ जर त्या सेक्टरांत अडकले असते तर वाड्यानं मला गावात राहू दिलं नसतं.

दुसरी गोष्ट मेमरी. इथे लोक हमखास फसतात. मेमरीचा हिशेब देणारा 'फ्री' आदेश चालवला की 'फ्री'च्या रकान्यात शंभर-दीडशे एमबी दिसतात आणि माणूस घाबरतो. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवतच नाही. वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवतं आणि कुणी मागितली की लगेच सोडतं. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. ती धरून ठेवलेली मेमरी दर तासाला पुसून टाकणारे आदेश व्हिडिओंमधून सुचवणारे लोक आहेत. त्यानं फक्त एवढंच होतं, की जे हाताशी होतं ते पुन्हा त्या करकरत्या डिस्कवरून आणावं लागतं. पण आमच्याकडे 'अव्हेलेबल'ही तळाला गेलेलं, आणि 'व्हीएमस्टॅट' या आदेशात स्वॅपचे, म्हणजे मेमरीत न मावलेलं डिस्कवर टाकण्याचे आणि परत आणण्याचे, दोन्ही रकाने सतत हलते. ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक डबा माळ्यावर चढवायचा आणि फोडणीला मोहरी लागली की पुन्हा शिडी लावायची, असा तो स्वयंपाक चालला होता.

यावर हमखास दिलं जाणारं औषध म्हणजे स्वॅपीनेस, यंत्रानं स्वॅपकडे किती वळावं ते सांगणारा आकडा. मूळचा ६० चा आकडा १० करा, यंत्र उडेल. माझं याबद्दलचं मत चांगलं नाही. मेमरी जिथे मुळातच पुरत नाही तिथे हा आकडा बदलून फरक पडतो तो फक्त कोणता डबा आधी माळ्यावर जाईल एवढ्यात. झेडरॅम मात्र खरोखर उपयोगाचं: मेमरीचाच एक भाग राखून त्यात नको असलेली पानं दाबून, आवळून ठेवायची, डिस्कपर्यंत जायचंच नाही. साधारण निम्म्या-तिसऱ्या हिश्शात ती मावतात. २०१४ पासून ते गाभ्यातच आहे, आणि फेडोरा या लिनक्सच्या एका अवतारानं २०२० मध्ये ते आपणहून चालू करून द्यायला सुरुवात केली. प्रोसेसरला थोडं जास्त काम पडतं, पण त्याच्याकडे वेळच वेळ होता.

सुरू होताना यंत्र कशाकशावर वेळ घालवतं याची यादी 'सिस्टमडी-ॲनलाइज ब्लेम' देतं. ती वाचताना मला आमच्या मंडळाची कार्यकारिणी आठवली, तपशील सांगत नाही. ब्लूटूथ नसलेल्या यंत्रात ब्लूटूथची सेवा, मोडेम नसताना मोडेमची देखभाल, जाळ्यात दुसरा प्रिंटर नसताना त्याचा शोध. बंद केल्या.

मग टॉवरची पेटी उघडली.

गोव्यातला पावसाळा यंत्रांचं काय करतो हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस गंज, एका कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची टरफलं. पण आमच्या टॉवरमध्ये एक खास देवळातला ऐवज होता. वर्षानुवर्षांचा कापूर, धूप, समईचं तेल यांची काजळी पंख्यानं आत ओढून घेतलेली, तिच्यावर धूळ बसून प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत काळसर, चिकट नमदा जमलेला. हवा जायला वाट नव्हती. प्रोसेसर तापला की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच उतरवतो. तेवढाही पळण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला असणार, पण आला तेव्हा त्याचे पाय बांधलेले होते. ब्रशनं, मग रबिंग अल्कोहोलच्या बोळ्यांनी ते सगळं काढलं. बोटांना दोन दिवस आरतीच्या तबकाचा वास येत होता. वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, मेमरीच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही मेलेला होता, त्यामुळे वीज गेली की तारीख कुठल्या कुठे मागे जायची. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि पानं उघडतच नाहीत. हे न उघडणंसुद्धा इतके दिवस यंत्राच्या वयाच्या खात्यावर जमा होत होतं.

या यंत्राला लागणारी जुन्या जातीची मेमरी मागायला फोंड्याच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे गेलो तेव्हा तो हसलाच. "डीडीआर टू? दादा, ती आता देवाघरी गेली." मग स्वतःच उठून मागच्या खोलीत गेला. तिथे उघडलेल्या पेट्यांचा ढीग होता, आणि त्यात तो हाताच्या स्पर्शानंच शोधत असावा, कारण तिथे दिवा नव्हता. दोन पट्ट्या घेऊन आला. दुकानातल्या एकाच बल्बखाली त्या फुंकून, तिरप्या धरून त्यानं मला दाखवल्या, आणि चहाच्या पैशांहून जरा जास्त असे काहीतरी पैसे घेतले. नवी डिस्क म्हणजे छोटी एसएसडी. जुन्या मदरबोर्डची डिस्कसाठीची सॅटा जोडणी सेकंदाला ३०० मेगाबाइटपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणून महागातली घेण्यात अर्थ नव्हता. एसएसडीची जादू सलग वेगात नसतेच. सुई नाही, फेरा नाही, पाऊणशेच्या जागी हजारो ये-जा. जुन्या यंत्राला तेवढंच हवं असतं. माझं स्पष्ट मत असं, की शंभर युक्त्यांचे व्हिडिओ बघण्यापेक्षा हे दोन खर्च करावेत आणि उरलेला वेळ भजनाला जावं.

चार जीबी मेमरी झाल्यावर ६४ बिटांचं डेबियन, हाही लिनक्सचाच एक अवतार, घातलं, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. त्या मुलानं ३२ बिटांचं घातलेलं होतं, तेव्हाच्या २ जीबीला ते शहाणपणाचंच होतं. आता तो रस्ता बंद होत चाललाय. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. आमचा प्रोसेसर ६४ बिटांचा होता म्हणून वाचला. त्याच्याहून थोडी जुनी, ठणठणीत चालणारी यंत्रं कुठेकुठे असतील, आणि त्यांच्यात काहीही बिघडलेलं नसेल. या बातमीनं मला वाईट वाटलं, पण कोणावर रागवावं ते कळेना. ती जुनी वाट फुकट राखणारी माणसंही शेवटी माणसंच आहेत.

यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत उघडू लागलं. पावती दोन-तीन सेकंदांत. आबांनी काही कौतुक केलं नाही. अभंगाच्या फाइलीत अक्षर मोठं करून मागितलं, समास वाढवून मागितले, मग दुसऱ्या दिवशी वर्गणी न दिलेल्यांची वेगळी यादी निघेल का असं विचारलं. थांबावं लागत होतं तोवर त्यांनी काही मागितलंच नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. जेवढं मिळतंय तेवढ्यात भागवायचं आणि त्याला स्वभाव म्हणायचं, असं माझ्या ओळखीच्या किती म्हाताऱ्या माणसांचं चाललं असेल, कुणास ठाऊक. ती थकबाकीदारांची यादी निघाली आणि तिच्यात माझंही एक जुनं वर्ष होतं.

ब्राउझर मात्र वठणीवर आला नाही. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं, त्यानं बराच भार उतरला. पोरं घुमट आरतीचे, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीचे, व्हिडिओ लावायची तेव्हा आवाज पुढे आणि चित्र मागे, कारण यूट्यूब आता व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवतं आणि ते उलगडायची सोय या यंत्राच्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. त्याऐवजी जुन्या एच२६४ पद्धतीचा मागून घेणारं छोटं एक्स्टेन्शन घातलं आणि चित्राचा दर्जा ४८० वर आणला, की घुमटावरचा हात आणि ताल जुळतो. पण वीजबिल किंवा एखादा सरकारी अर्ज उघडला की ते पान श्वास घेत बसतं. २००९ मध्येही लोक बिलं भरत होते, अर्ज करत होते. यंत्र तेच आहे, उलट बरं झालंय. फुगलंय ते पान, आणि ते हलकं करणं माझ्या हातात नाही.

इथे सचिव मदतीला आला. त्यानं कुठेतरी वाचलं होतं. "दादा, बूटच्या ओळीत 'मिटिगेशन्स ऑफ' टाका. जुन्या प्रोसेसरना खूप फरक पडतो." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाच्या प्रोसेसरमधल्या फटी जाहीर झाल्या. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवायची प्रोसेसरची जी सवय त्याला वेग देत होती, त्याच सवयीतून एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचं गुपित चोरता येत होतं. गाभ्यानं फटी बुजवल्या (त्या बुजवण्यांनाच 'मिटिगेशन्स' म्हणतात), पण प्रत्येक वेळी दार उघडून लावायचा खर्च वाढला, आणि आमच्या प्रोसेसरच्या पिढीत तो खर्च कमी करणारी पीसीआयडी नावाची सोय नाही. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या प्रक्रियेत कोंडतो आणि त्यामुळे मेमरी जास्त खातो, त्यामागेही मोठं कारण हेच. म्हणजे आमच्या यंत्राचा थोडा मंदपणा हा पहाऱ्याचा आहे.

मी नाही म्हटलं. त्या टॉवरमध्ये वाड्यातल्या प्रत्येक घराचे फोन नंबर आहेत, कोणी किती दिलं, कोणी दिलं नाही ते आहे. पण हे सांगताना मला दुसरी गोष्टही सांगावी लागली, आणि ती सांगताना जड गेलं. प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांमध्ये, म्हणजे मायक्रोकोडमध्ये, स्पेक्टरसाठी जी दुरुस्ती यायला हवी होती, ती या पिढीला मिळालीच नाही; एप्रिल २०१८ मध्येच इंटेल कंपनीनं ती करणार नसल्याचं जाहीर केलं. जो काही पहारा आहे तो लिनक्सच्या गाभ्याचाच. डिस्क बदलली, मेमरी वाढवली, काजळी काढली, तरी जिथे त्याचं वय खरंच झालंय ती जागा ही. वेग परत आणता येतो. बनवणाऱ्यानं लक्ष काढून घेतलं की ते फोंड्याच्या बाजारात मागच्या खोलीत सापडत नाही.

तेव्हा असं ठरलं, की मंडळाचं बँकेचं काम या यंत्रावर करायचं नाही. सचिवाच्या फोनवर करायचं, आणि आबांसमोर. अभंग, पावत्या, याद्या इथे. दर आठवड्याला सुधारणा उतरवायच्या, महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर काढून माझ्या घरी ठेवायची. चवथीनंतरच्या सभेत सचिवानं नव्या संगणकाचा ठराव तरीही मांडला, आणि त्याच्या बाजूनं बोलणारे निम्मे तरी होते. पोरांना व्हिडिओ मोठ्या चित्रात हवेत, त्यात चूक काय? मी दोन्ही बाजूंनी बोललो, त्यामुळे माझं कोणी ऐकलं नाही. शेवटी आबा म्हणाले, घ्यायचाच तर आधी प्रिंटर घ्या, आत्ताच्या प्रिंटरची शाई पावसात वापरली नाही की वाळते आणि आरतीच्या कागदावर मधलं कडवं उमटत नाही. ते सगळ्यांनाच पटलं. इतिवृत्त सचिवानं फोनवर टाइप केलं आणि व्हॉट्सॲपवर टाकलं. तारीख चुकली होती, ती आबांनी दुरुस्त करायला लावली.